६ जून १९७८ : कॅलिफोर्नियातील घरपट्टीचे बंड आणि विधिमंडळाचे बांधलेले हात

१/२४
६ जून म्हटले की मराठी इतिहासप्रेमींना रायगड आठवतो. अमेरिकेच्या करइतिहासातही ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली आहे. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर करून आपल्याच विधिमंडळाचे कर वाढवण्याचे हात बांधले. बरोबर ३९ वर्षांनी, ६ जून २०१७ रोजी, कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने आपल्याच पक्षाच्या गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून कर पुन्हा वाढवले. दोन्ही घटनांच्या मुळाशी अमेरिकन परंपरावाद्यांचा एकच जुना प्रश्न होता : तिजोरीची किल्ली नेमकी कोणाच्या हाती असावी?

२/२४
आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत केंद्र सरकारबरोबरच प्रत्येक राज्यालाही स्वतंत्रपणे कर लावण्याचा अधिकार आहे. बहुतेक राज्ये आयकर आणि विक्रीकर या दोहोंवर चालतात. मालमत्ता कर, म्हणजे आपल्या बोलीतील घरपट्टी, हा मात्र प्रामुख्याने स्थानिक कर. त्यातून काउंटी (म्हणजे साधारणतः जिल्हा), नगरपालिका आणि शाळा-मंडळे यांचा खर्च भागतो. १९७८ पूर्वीच्या कॅलिफोर्नियात शाळा, अग्निशमन दल, ग्रंथालये, उद्याने या साऱ्यांचा मोठा आधार ही घरपट्टीच होती. दर ठरवणारी मंडळे स्थानिक होती आणि त्यांना निवडून देणारेही स्थानिकच होते. पुढील घटनाक्रम समजण्यासाठी हा तपशील लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३/२४
करांविषयी अमेरिकन परंपरावाद्यांचे मत एकसुरी कधीच नव्हते. त्यात ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह प्रातिनिधिक संस्थांवर विश्वास ठेवणारा. त्याच्या मते कर लावणे व कमी करणे हे निवडून आलेल्या प्रतिनिधींचे काम असून, त्यांनी जमाखर्चाचा मेळ राखावा. जमावाच्या क्षणिक रोषावर तिजोरी सोपवू नये. दुसरा प्रवाह विधिमंडळाकडेच संशयाने पाहणारा. खर्चाचा लाभ संघटित गटांना मिळतो, भार मात्र असंघटित करदात्यांवर विखुरला जातो, म्हणून विधिमंडळ आपण होऊन कधीच थांबत नाही, असे त्याचे म्हणणे. १९८६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे जेम्स बुकॅनन यांनी या दुसऱ्या विचाराला सैद्धांतिक बैठक दिली : सरकारच्या करशक्तीवरील मर्यादा राज्यघटनेतच असली पाहिजे.

४/२४
या दोन प्रवाहांची ओढाताण एकाच व्यक्तीतही दिसते. रोनाल्ड रेगन १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. करकपातीचा पुढे चेहरा ठरलेल्या या नेत्याने पहिल्याच वर्षी तूट भरून काढण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरची करवाढ मंजूर केली. ती त्या राज्यातील तोवरची सर्वांत मोठी करवाढ होती. पुढे १९७३ मध्ये त्याच रेगन यांनी राज्याच्या करउत्पन्नावर घटनात्मक मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांपुढे मांडला. मतदारांनी तो सुमारे ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी फेटाळला. म्हणजे तत्त्व तयार होते, लोक तयार नव्हते. पाच वर्षांत असे काय बदलले?

५/२४
ज्या साधनाने हे बंड झाले, ते साधन मुळात परंपरावाद्यांचे नव्हतेच. पुरेशा स्वाक्षऱ्या गोळा करून नागरिकांनी थेट कायदा किंवा घटनादुरुस्ती मतदानास आणावी, ही सोय कॅलिफोर्नियात १९११ मध्ये झाली. ती आणणारे गव्हर्नर हायरम जॉन्सन हे प्रागतिक सुधारक. 'सदर्न पॅसिफिक' या रेल्वे कंपनीने विधिमंडळ आपल्या मुठीत ठेवले आहे, तेव्हा जनतेला विधिमंडळाला वळसा घालण्याचा मार्ग हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारताच्या राज्यघटनेत अशी तरतूद नाही. बलाढ्य कंपनीविरुद्ध घडवलेले हे शस्त्र ६७ वर्षांनी करसंस्थेविरुद्ध उपसले गेले.

६/२४
बंडाची बीजे मात्र एका भ्रष्टाचार-प्रकरणात आहेत. कॅलिफोर्नियात मालमत्तेचे मूल्य ठरवणारा काउंटीचा अधिकारी निवडून येत असे. कायदा काहीही असो, प्रत्यक्षात राहत्या घरांचे मूल्य कमी आणि दुकाने-कारखान्यांचे जास्त धरण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली होती. घरमालक हेच मतदार असल्याने ती सोयीचीही होती. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मूल्यांकन अधिकारी रसेल वोल्डन हे कंपन्यांकडून लाच घेऊन त्यांचे मूल्यांकन घटवत असल्याचे उघड झाले. पुढे त्यांना शिक्षा झाली आणि राज्यभर संतापाची लाट उसळली.

७/२४
विधिमंडळाने १९६६ मध्ये तत्परतेने सुधारणा केली. सर्व मालमत्तांचे मूल्यांकन बाजारभावाच्या एकाच प्रमाणात, २५ टक्के, करणे बंधनकारक झाले. कायदा स्वच्छ, समान आणि पारदर्शक होता. परिणाम मात्र उलटा झाला. घरमालकांना मिळणारी अघोषित सवलत संपली आणि सॅन फ्रान्सिस्कोत अनेकांची घरपट्टी एकदम वाढली. 'तो भ्रष्ट अधिकारीच परत आणा' अशा आशयाच्या पट्ट्या तेथील मोटारींवर झळकू लागल्या. प्रामाणिक करव्यवस्था लोकांना अप्रामाणिक व्यवस्थेपेक्षा महाग पडली होती. शिवाय, मूल्यांकन संगणकाधारित झाल्यामुळे यापुढे घराची किंमत वाढली की घरपट्टीही न चुकता वाढणार होती.

८/२४
आणि किमती वाढल्याच. १९७० च्या दशकातील महागाईत दक्षिण कॅलिफोर्नियातील घरांचे भाव आकाशाला भिडले. १९७४ ते १९७८ या चार वर्षांत लॉस एंजेलिस परिसरातील घराची सरासरी किंमत दुपटीहून अधिक झाली. घर विकायचे नसेल तर ही श्रीमंती केवळ कागदावरची. घरपट्टी मात्र रोख भरावी लागे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांपुढे ज्या घराचे कर्ज फेडून झाले, तेच घर करापायी विकावे लागेल की काय, असा प्रश्न उभा राहिला. या भीतीत अतिशयोक्ती असेल, पण ती निराधार नव्हती.

९/२४
याच काळात राज्य सरकारची तिजोरी मात्र भरत होती. महागाईमुळे पगार वाढत, पगारदार आयकराच्या वरच्या टप्प्यात ढकलले जात आणि एकही नवा कर न लावता राज्याचे उत्पन्न फुगत असे. १९७८ च्या मध्यापर्यंत ही शिल्लक सुमारे पाच अब्ज डॉलरवर गेली. 'अश्लील शिल्लक' हा शब्दप्रयोग त्या काळी रूढ झाला. गव्हर्नर जेरी ब्राउन डेमोक्रॅटिक पक्षाचे, विधिमंडळातही त्याच पक्षाचे बहुमत. १९७७ च्या अधिवेशनात घरपट्टीत सवलत देणारी विधेयके चर्चिली गेली. परंतु सवलत कोणाला आणि किती यावर एकमत न झाल्याने अधिवेशन निर्णयाविना संपले. परंपरावाद्यांचा आरोप सिद्ध करण्याचे काम विधिमंडळाने स्वतःच केले.

१०/२४
आता रंगमंचावर येतात हॉवर्ड जार्व्हिस. जन्म १९०३, यूटामधील मर्कर या खाणगावात. व्यवसायातून निवृत्त झाल्यावर करविरोध हेच त्यांचे जीवितकार्य बनले. १९६२ मध्ये अमेरिकन सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी आणि १९७७ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौरपद, या दोन्ही प्रयत्नांत ते पराभूत झाले. पक्षातील प्रतिष्ठित मंडळी त्यांना गंभीरपणे घेत नसत. लॉस एंजेलिस काउंटीतील इमारतमालकांच्या संघटनेचे ते पगारी पदाधिकारी होते, ही बाब विरोधकांनी वारंवार पुढे आणली. सॅक्रामेंटो परिसरातील पॉल गॅन यांच्या साथीने त्यांनी दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या गोळा केल्या. अशाच धर्तीचे प्रस्ताव १९६८ आणि १९७२ मध्ये मतदारांनी नाकारले होते.

११/२४
'प्रस्ताव १३' मध्ये मुख्य तरतुदी चार होत्या.
एक : मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा अधिक नसावा. तोवर सरासरी दर अडीच टक्क्यांच्या वर होता.
दोन : मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे न्यावे आणि त्यानंतर वर्षाला कमाल दोन टक्केच वाढवावे, घर विकले गेले तरच नव्या किमतीने आकारणी व्हावी.
तीन : राज्याचा कोणताही कर वाढवण्यासाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत हवे.
चार : स्थानिक संस्थांना विशेष कर लावण्यासाठी दोन-तृतीयांश मतदारांची संमती हवी.
पहिल्या दोन तरतुदी लोकांच्या तोंडी होत्या. राजकारण बदलले ते तिसऱ्या तरतुदीने.

१२/२४
प्रस्तावाच्या विरोधात कोण नव्हते? गव्हर्नर ब्राउन, शिक्षक व कामगार संघटना, प्रमुख वृत्तपत्रांपैकी बरीच, आणि विशेष म्हणजे अनेक मोठ्या कंपन्याही. घरपट्टी घटली तर तूट भरण्यासाठी आपल्यावरच दुसरा कर बसेल, अशी कंपन्यांना धास्ती होती. रिपब्लिकन नेतेही प्रारंभी सावध होते. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी मात्र उघड पाठिंबा दिला. विधिमंडळाने अखेरच्या घटकेला सौम्य सवलतीचा पर्याय म्हणून 'प्रस्ताव ८' त्याच मतपत्रिकेवर आणला. पण मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या मूल्यांकन अधिकाऱ्याने त्या वर्षीचे नवे आकडे जाहीर केले आणि लोकांना आपली वाढीव घरपट्टी मतदानापूर्वीच कळली. त्यानंतर सौम्य पर्यायाचा विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणी राहिले नाही.

१३/२४
६ जून १९७८. 'प्रस्ताव १३' सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर. 'प्रस्ताव ८' नामंजूर. पंधरवड्याच्या आत जार्व्हिस 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. राज्यातील मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले; ही घट सुमारे सात अब्ज डॉलरची होती. लोण इतरत्रही पसरले. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्स या उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या राज्याने मालमत्ता करावर अडीच टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी रेगन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि करकपात हा रिपब्लिकन पक्षाचा केंद्रीय कार्यक्रम बनला.

१४/२४
हे बंड परंपरावादी होते का? इतिहासकारांत आणि अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. समाजशास्त्रज्ञ आयझॅक मार्टिन यांच्या मते लोक सरकारच्या आकाराविरुद्ध नव्हे, तर गमावलेल्या जुन्या संरक्षणासाठी उठले होते. घरपट्टीविरुद्ध आरंभी डाव्या गटांनीही आंदोलने केली होती. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल शाळांकडे बोट दाखवतात. 'सेरानो' खटल्यातील १९७१ व १९७६ च्या निकालांनी श्रीमंत आणि गरीब भागांतील शाळांच्या खर्चात समानता आणण्यास सांगितले; आपला कर आपल्याच शाळेला मिळत नसेल तर तो का भरावा, असे घरमालकांना वाटू लागले. कारणे काहीही असोत, या असंतोषाला दिशा आणि भाषा दिली ती परंपरावाद्यांनी.

१५/२४
निकालानंतर ब्राउन यांनी तत्काळ पवित्रा बदलला. विरोध विसरून त्यांनी प्रस्तावाची अंमलबजावणी इतक्या उत्साहाने केली की नोव्हेंबरमध्ये ते मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. नगरपालिका आणि शाळा कोलमडू नयेत म्हणून राज्याने ती साचलेली शिल्लक त्यांच्याकडे वळवली. १९७९ च्या कायद्याने ही व्यवस्था स्थायी केली. एक टक्का घरपट्टीतील किती वाटा काउंटीला, किती शहराला आणि किती शाळेला, हे आता राजधानी सॅक्रामेंटोत ठरू लागले. स्थानिक मंडळाला दर ठरवण्याचा अधिकारच उरला नाही.

१६/२४
येथे परंपरावादी विचाराला एक मोठी किंमत मोजावी लागली. सत्ता लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी, गावाचा कारभार गावाने पाहावा, हे त्या विचाराचे जुने तत्त्व. 'प्रस्ताव १३' ने घरमालकाचा खिसा वाचवला, परंतु गावाची तिजोरी राजधानीकडे सोपवली. त्याचबरोबर राज्याचे उत्पन्न घरपट्टीसारख्या स्थिर करापासून आयकराकडे सरकले. श्रीमंतांच्या भांडवली नफ्यावर अवलंबून असलेला हा कर शेअर बाजारासोबत वर-खाली होतो. तेजीत तिजोरी ओसंडून वाहायची आणि मंदीत रिकामी पडायची, हे चक्र २००१ आणि २००८ नंतर प्रकर्षाने दिसले.

१७/२४
आता ती तिसरी तरतूद. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये ४० सदस्य असतात. कर वाढवण्यासाठी २७ मते हवीत, म्हणजे १४ सदस्य ठाम राहिले तर प्रस्ताव अडतो. अर्थसंकल्पाला दोन-तृतीयांश बहुमताची अट आधीपासूनच होती; आता करांनाही ती लागू झाली. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये कट्टर करविरोधी रिपब्लिकन आमदारांची एक नवी फळी निवडून आली. त्यांना 'प्रस्ताव १३ ची बाळे' असे गमतीने म्हटले जाई. पक्ष अल्पमतात असला तरी करांच्या प्रश्नावर त्याच्या हाती नकाराधिकार होता. बहुमत एकाकडे आणि अडवण्याची शक्ती दुसऱ्याकडे, तेव्हा अपयशाचा जाब मतदाराने कोणाला विचारायचा, हेच अस्पष्ट झाले.

१८/२४
याची परिसीमा २००९ मध्ये झाली. मंदीमुळे सुमारे ४० अब्ज डॉलरची तूट. गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅटिक. सिनेटमध्ये करवाढीसाठी मोजकी रिपब्लिकन मते हवी होती. तडजोडीस तयार झालेले रिपब्लिकन गटनेते डेव्ह कॉगडिल यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी रातोरात पदावरून हटवले. अखेरचे मत एबेल माल्डोनाडो यांनी दिले. त्या बदल्यात प्राथमिक निवडणुकीची पद्धत बदलणारा प्रस्ताव मतदारांपुढे नेण्याचे आश्वासन त्यांनी मिळवले. तरीही पैसा पुरला नाही, आणि जुलैमध्ये जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एक असलेल्या या राज्याने देणेकऱ्यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या.

१९/२४
सामान्य माणसाच्या गल्लीतही एक विषमता रुजली होती. १९७५ पासून राहणारे कुटुंब जुन्या मूल्यावर कर भरते. शेजारचे तसलेच घर नव्याने घेणारे तरुण जोडपे आजच्या भावावर. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ मध्ये घर घेतलेल्या एका महिलेला आपण शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट कर भरत असल्याचे आढळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९२ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने 'प्रस्ताव १३' वैध ठरवला. २००३ मध्ये श्वार्झनेगर यांचे सल्लागार वॉरन बफे यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. ओमाहातील सुमारे पाच लाख डॉलरच्या घरावर त्यांना चौदा हजारांहून अधिक, तर कॅलिफोर्नियातील सुमारे चाळीस लाखांच्या घरावर अवघा तेवीसशेच्या आसपास कर होता. श्वार्झनेगर यांनी हा विषय तिथेच बंद केला.

२०/२४
परंपरावाद्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे : कर म्हणजे केवळ वाट्यांचे गणित नव्हे, तो नागरिकाशी केलेला करार आहे. घर घेतानाच पुढील तीस वर्षांचा कर कळला तर कुटुंबाला आयुष्याचे नियोजन करता येते. न विकलेल्या घराच्या कागदी किमतीवर रोख कर मागणे अन्यायाचे आहे. पाच अब्जांची शिल्लक दाबून बसलेल्या विधिमंडळाला दुसऱ्या कोणत्या भाषेत समज दिली असती? हा शेवटचा प्रश्न विरोधकांनाही सहज खोडता आलेला नाही. व्यावसायिक मालमत्तांपुरती ही मर्यादा उठवणारा प्रस्तावही २०२० मध्ये मतदारांनी ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी फेटाळला.

२१/२४
दुसरे राज्य कोलोरॅडो. मूळचे लॉस एंजेलिसचे डग्लस ब्रूस यांनी तेथे कॅलिफोर्नियाच्या एक पाऊल पुढे टाकले. १९९२ मध्ये मंजूर झालेल्या त्यांच्या 'करदात्यांच्या हक्कांच्या सनदे'नुसार विधिमंडळाला मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवता येत नाही. राज्याचे उत्पन्न महागाई आणि लोकसंख्यावाढ यांपेक्षा वेगाने वाढले तर जास्तीची रक्कम परत करावी लागते. २००१ च्या मंदीत उत्पन्न घसरले आणि मर्यादा त्या घसरलेल्या पातळीवरून मोजली जाऊ लागली. सनदेचे पूर्वीचे समर्थक आणि रिपब्लिकन गव्हर्नर बिल ओवेन्स यांनीच २००५ मध्ये पाच वर्षांची सूट मागितली. सुमारे ५२ टक्के मतदारांनी ती दिली. परंपरावाद्यांत यावरून उभी फूट पडली.

२२/२४
तिसरे राज्य कॅन्सस, जिथे वाट वेगळी होती. येथे विधिमंडळाला बांधले नाही, जिंकले. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात गणल्या जाणाऱ्या व्यवसाय-नफ्यावरील राज्याचा आयकर पूर्ण माफ केला. अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर त्यांचे सल्लागार होते. कर कमी झाल्याने उद्योग वाढतील आणि उत्पन्न भरून निघेल, असे गृहीत होते. प्रत्यक्षात पहिल्याच पूर्ण वर्षात उत्पन्न सुमारे ७० कोटी डॉलरनी घसरले. २०१५ मध्ये विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के करावा लागला. म्हणजे भार किराणा घेणाऱ्या सामान्य ग्राहकाकडे सरकला. शाळांच्या निधीवरून न्यायालयाचे ताशेरेही बसत होते.

२३/२४
२०१६ च्या पक्षांतर्गत निवडणुकांत अनेक कट्टर आमदारांना मवाळ रिपब्लिकनांनी हरवले. ६ जून २०१७ रोजी रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने करकपात मोठ्या प्रमाणात मागे घेतली आणि ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार मोडला. प्रतिनिधिगृहात ८८ विरुद्ध ३१, सिनेटमध्ये २७ विरुद्ध १३. कॅन्ससच्या सिनेटमध्येही ४० सदस्य आहेत. म्हणजे कर वाढवण्यासाठी कॅलिफोर्नियात जे २७ जुळवताना वर्षानुवर्षे दमछाक होई, तेच २७ येथे जुळले. हे घडवणारे डावे नव्हते. हिशेब जुळला पाहिजे आणि चूक झाली तर सुधारली पाहिजे, हे मानणारा तो परंपरावाद्यांचा पहिला, जुना प्रवाह होता.

२४/२४
तीन राज्यांनी तीन उत्तरे दिली. कॅन्ससमध्ये निर्णय विधिमंडळाचा होता, म्हणून चूक पाच वर्षांत दुरुस्त करता आली. कॅलिफोर्नियात नियम घटनेत कोरला गेल्याने तो स्थिर राहिला, पण त्याच्याभोवती आडवाटा तयार झाल्या : २०१० मध्ये मतदारांनीच अर्थसंकल्पासाठी साधे बहुमत पुरेसे ठरवले. २०१२ मध्ये विधिमंडळात दोन-तृतीयांश मते मिळेनात, तेव्हा गव्हर्नरने श्रीमंतांवरील आयकर वाढवणारा प्रस्ताव थेट मतदारांपुढे नेला. सुमारे ५५ टक्के लोकांनी तो स्वीकारला. त्या गव्हर्नरचे नाव होते जेरी ब्राउन. ३४ वर्षांपूर्वी ज्या मतपेटीने त्यांच्या विधिमंडळाचे हात बांधले, तीच वापरून त्यांनी कर वाढवला. प्रतिनिधींवरचा अविश्वास घटनेत लिहून ठेवता येतो. कर कोणी आणि किती द्यायचा हा वाद मात्र त्याने मिटत नाही, केवळ त्याची जागा बदलते.